दक्षिण आफ्रिकेचें घटना-न्यायालय

जोहान्सबर्ग शहरांत एका टेकडीवर जुना किल्ला आहे. गोऱ्यांच्या राजवटींत तो तुरुंग होता. १९०८ सालीं गांधीजींना तेथेंच कोंडण्यांत आलें होतें. आज त्याच आवारांत देशाचें घटना-न्यायालय भरतें, आणि पाडलेल्या कोठड्यांच्या विटा त्याच्या सभागृहांत बसविलेल्या आहेत.

या न्यायालयाचें उद्घाटन १४ फेब्रुवारी १९९५ रोजीं राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांनीं केलें. १९६४ सालीं हेच मंडेला, फांशी कीं जन्मठेप, हें ऐकण्यासाठीं आरोपी म्हणून उभे होते. आणि त्या खटल्यांत त्यांचा बचाव करणाऱ्या वकिलांपैकीं आर्थर चॅस्कल्सन हे आतां या न्यायालयाचे अध्यक्ष झाले होते! ६ जून १९९५ रोजीं अकराही न्यायाधीशांनीं खुनासाठीं दिली जाणारी फांशीची शिक्षा एकमतानें घटनाबाह्य ठरविली. लोकमत फांशीच्या बाजूचें होतें. परंतु लोकमतानेंच निवाडे करावयाचे तर न्यायालय हवें कशाला, असा चॅस्कल्सन यांचा रोखठोक सवाल होता.

खरी कसोटी पुढेंच होती. स्थानिक निवडणुका तोंडावर आल्या असतां संसदेनें एका कायद्यांत फेरफार करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांस दिला, व मंडेलांनीं तसे जाहीरनामे काढले. त्यांविरुद्ध पश्चिम केप प्रांत न्यायालयांत गेला. तेथें सत्ता होती नॅशनल पक्षाची, म्हणजे ज्यानें वर्णभेदाचें राज्य चालविलें त्याचीच. फिर्याद कोणाची, याकडे न्यायालयानें पाहिलें नाहीं. कायदे करण्याचें काम संसदेनें असें दुसऱ्यावर सोंपवितां येत नाहीं, असें ठरवून २२ सप्टेंबर रोजीं तें कलम व ते जाहीरनामे बहुमतानें रद्द झाले; चूक सुधारण्यास महिनाभराची मुदत मात्र मिळाली. मंडेलांनीं निकाल जाहीरपणें शिरोधार्य मानला. तुरुंगांत सत्तावीस वर्षें काढलेल्या लोकनायकास हें सोपें गेलें असेल काय?

पुढें नव्या घटनेचीही तीच गत झाली. सत्तांतराच्या वाटाघाटींत चौतीस तत्त्वें ठरलीं होतीं. घटना त्यांस धरून आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें काम न्यायालयाकडे होतें. मे १९९६ मध्यें प्रचंड बहुमतानें संमत झालेला मसुदा न्यायालयानें ६ सप्टेंबरला परत पाठविला. दुरुस्तीनंतर ४ डिसेंबरला मान्यता मिळाली. सहा दिवसांनीं मंडेलांनीं त्या घटनेवर सही केली ती शार्पव्हिल येथें, जेथें १९६० सालीं पोलिसांच्या गोळीबारांत ६९ माणसें मेलीं होतीं.