विस्मृत ध्वनिमुद्रिका : इतिहासाचे एक साधन
मुंबईतील रॉकसंगीताचा इतिहास लिहू जाता अभ्यासकास प्रथम जाणवते ते साधनांचे दारिद्र्य. १९७० व १९७१ मध्ये सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरलेल्या 'सिमला बीट' स्पर्धांतील निवडक गीतांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या मुंबईच्या वृंदाची 'ऑब्सेशन ७७' ही ध्वनिमुद्रिका विस्मृतीत गेली होती. अमेरिकेतील 'नाऊ-अगेन' या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये तिचे संगीत पुन्हा प्रकाशात आणले. परंतु हे वृंद मुख्यतः प्रत्यक्ष कार्यक्रमांत वाजवीत. ध्वनिमुद्रित झाले ते अत्यल्प. सबब केवळ ध्वनिमुद्रिकेवरून त्या काळाचे मूल्यमापन करणे म्हणजे शिलालेखावरून बोलीचा निर्णय करणे होय. तिला हयात वादक-श्रोत्यांच्या साक्षीची जोड हवी. आणि ती साक्ष दिवसेंदिवस क्षीण होत आहे.