रिकामी बादली

कामं संगणकाला नेमून द्यायची आणि आपण निवांत झोपायचं, ही कल्पना काही आजची नाही. १९७९ साली बेल लॅब्जची युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्यात 'क्रॉन' नावाचा छोटा प्रोग्राम होता. अमुक वाजता अमुक काम कर, एवढं लिहून दिलं की झालं. पुढे त्यात, काम बिनसलं तर मालकाला मेल जाईल अशीही सोय आली.

रोज रात्री फायलींची एक प्रत दूरच्या संगणकावर ठेवणं, हे क्रॉनला सांगण्याजोगं अगदी आदर्श काम. पण पाठवायचं कसं आणि ठेवायचं कुठे? पहिल्याचं उत्तर १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 'आरसिंक' लिहून दिलं. अख्खी फाईल नको, बदललेला तुकडाच पाठवायचा. दुसऱ्याचं उत्तर मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनच्या 'एस-थ्री'ने दिलं. एक गिगाबाइट ठेवायला महिन्याला १५ सेंट. सुरुवातीला तिथे माणसासाठी बटणांचा पडदा नव्हताच, सगळा व्यवहार प्रोग्रामशी! फायली ठेवायच्या जागेला नाव दिलं 'बकेट', म्हणजे आपली बादलीच की. २०१४ मध्ये 'लॅम्डा' आलं आणि बादलीत फाईल पडताक्षणी आपला कोड आपोआप चालू लागला.

सगळं छान. मग ३१ जानेवारी २०१७ ची रात्र आली.

गिटलॅब ही प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. तिथल्या एका इंजिनियरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच डेटाबेस पुसायची आज्ञा दिली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. हरकत नाही, रोजची प्रत एस-थ्रीवर जाते ना? उघडून पाहिलं तर बादली रिकामी!

प्रत काढणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा. त्यामुळे काम दर वेळी फसत होतं. गंमत बघा, क्रॉन इमानाने तक्रारीची मेल पाठवत होता. पण त्या मेलवर ओळख पटवणारी खूण नसल्याने समोरचा सर्व्हर ती परत फिरवत होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं आपण म्हणतो. इथे आड काठोकाठ भरलेला असतानाही पोहरा कोरडाच वर येत होता, आणि तो ओढून बघणारं कोणी नव्हतं.

त्यांना वाचवलं ते एका योगायोगाने. दुसऱ्याच एका चाचणीसाठी एका माणसाने सुमारे सहा तास आधी हाताने प्रत काढून ठेवली होती. मधल्या सहा तासांतलं लोकांचं काम मात्र गेलं ते गेलंच.

गिटलॅबने हे सगळं जाहीरपणे सांगितलं, दुरुस्तीसुद्धा यूट्यूबवर थेट दाखवली. याचं मला फार कौतुक वाटतं.

आता आपल्याकडे बघू. लग्नाचे फोटो, आईवडिलांची कागदपत्रं, पोरांचे व्हिडिओ, सगळं 'आपोआप वर जातंय' या भरवशावर आहे. वर गेलेली एखादी फाईल परत खाली उतरवून, उघडून आपण शेवटची कधी पाहिली होती? स्क्रिप्ट लिहायला एक संध्याकाळ पुरते. पोहरा ओढून बघायचं काम मात्र अधूनमधून करतच राहावं लागतं, आणि नेमकं तेच कंटाळवाणं असतं.

असो. या रविवारी बघाच एकदा.