ताबा कुणाचा?

शेताचा ताबा, घराचा ताबा आणि मुलाचा ताबा. कोर्टाच्या मराठीत तिन्हींना शब्द एकच. मी वकील नाही. जुने कायदे आणि निकालपत्रे वाचण्याचा नाद तेवढा आहे. हा शब्द मात्र मला फार दिवस खुपत होता, म्हणून त्याच्या मागे गेलो.

१८९० च्या पालक व पाल्य कायद्यात दोन सूर ऐकू येतात. कलम १७ म्हणते, पालक नेमताना अज्ञान मुलाचे हित पाहा. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येईल. दोनच कलमे पुढे मात्र बजावले होते की, बाप हयात असून नालायक ठरलेला नसेल, तर कोर्टाने दुसरा पालक नेमूच नये. हा 'दुसरा' म्हणजे आईसुद्धा!

फट होती कलम २५ मध्ये. मूल परत मागणाऱ्या बापाच्या बाजूने हुकूम देण्यापूर्वी, परत जाण्यात मुलाचे हित आहे, अशी कोर्टाची खात्री व्हावी लागे. १९४१ साली अशाच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन बोमंट यांनी स्पष्ट केले की, बापाचे हित नव्हे, आईचेही नव्हे, फक्त मुलाचे हित सर्वांत वर. कायदा तोच होता. वाचणाऱ्याने तो मुलाच्या बाजूने वाचला.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने हे तत्त्व कलम १३ मध्ये घातले. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहावे, असेही म्हटले. पण नैसर्गिक पालक कोण? आधी बाप, 'त्याच्यानंतर' आई. सांभाळ आईचा, सही बापाची.

या सहीवरूनच लेखिका गीता हरिहरन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी त्यांनी केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला होता. १९९९ साली न्यायालयाने 'नंतर' म्हणजे 'मृत्यूनंतर' नव्हे, तर 'अनुपस्थितीत', असा अर्थ लावला. बाप जिवंत असून मुलाकडे लक्षच देत नसेल, तर तीही अनुपस्थितीच. १८९० च्या कायद्यातील त्या अटीत बापाच्या जोडीला आईचा उल्लेख यायला मात्र २०१० उजाडले. तब्बल १२० वर्षे! १९५६ च्या कायद्यातील 'नंतर' तर अजून जागच्या जागी आहे.

आज कित्येक आदेशांत दिवाळीची सुट्टीही वाटून दिलेली असते: अर्धी आईकडे, अर्धी बाबांकडे. दोघांच्याही मायेची कदर करणारीच ही वाटणी आहे, हे मान्य. तरी अभ्यंगस्नान एका घरी आणि भाऊबीज दुसऱ्या घरी करणाऱ्या त्या मुलाला कुणी विचारले का, हे मी प्रत्येक निकालात शोधतो. विचारण्याची मुभा १८९० पासून आहे.