सानुग्रह : एका शासकीय शब्दाची कुळकथा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांच्या महापुराने सांगली-कोल्हापूर परिसरातील लाखो माणसांना घराबाहेर काढले. त्यानंतर शासनाने ग्रामीण कुटुंबास १०,००० आणि शहरी कुटुंबास १५,००० रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यांपैकी ५,००० रुपये रोख हातात द्यावयाचे, उरलेले बँक खात्यात जमा करावयाचे असे ठरले. बाजारपेठाच पाण्याखाली गेलेल्या असताना केवळ खात्यातला आकडा कोणाच्या उपयोगी पडणार होता? या पैशाला शासकीय मराठीत 'सानुग्रह अनुदान' म्हणतात. आम्ही पडलो भाषेचे अध्यापक. त्यामुळे रकमेइतकेच आमचे लक्ष या शब्दाकडे गेले. त्याची कुळकथा शोधू लागल्यावर असे दिसले की, आपत्तीने उठलेल्या कुटुंबाच्या हाती राज्यसंस्थेने ठेवलेल्या पैशाचे नाव गेल्या साडेतीनशे वर्षांत अनेकदा बदलले आहे आणि नावाबरोबर देणाऱ्या-घेणाऱ्याचे नातेही बदलले आहे.

अनुग्रह हा आपल्याकडे गुरूचा किंवा देवाचा. तो मागून मिळेलच असे नाही आणि न मिळाल्यास तक्रार करण्याची सोय नाही. इंग्रज अमदानीच्या कारभारी भाषेतील 'एक्स ग्रेशिया' या लॅटिन पदाला, म्हणजे 'कृपेपोटी' या अर्थाला, भाषांतरकाराने हा प्रतिशब्द योजला. भाषांतर म्हणून तो निर्दोष आहे. किंबहुना जरा जास्तच निर्दोष आहे. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना दिवाळीत मिळणारी रक्कमही 'सानुग्रह अनुदान'च असते. दिवाळीचा बोनस आणि वाहून गेलेल्या संसाराची भरपाई यांना एकच शब्द पुरतो, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

या शब्दापूर्वीचा शब्द तगाई. तो आला अरबी-फारसीतून. मूळ अर्थ बळ देणे. शब्द कोणताही असो, ती रीत जुनीच. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना धाडलेले पत्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत. ज्याला कष्ट करण्याची ताकद आहे पण बैल नाही, दाणा नाही, त्याला बैलांसाठी रोख पैसे द्यावेत, पोटासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे आणि त्याची ऐपत येईल तसतसे, वाढीदिढी न घेता, केवळ मुद्दल हळूहळू उगवून घ्यावे, असा त्याचा आशय. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्चाची मुभा त्यात आहे. पत्रातली कळकळ खरीच, पण राज्याचा हिशेबही त्यात लपलेला नाही : पडीत जमीन लागवडीस आली तरच वसूल येणार. येथे देणारा कृपा करीत नाही. तो गुंतवणूक करतो आणि तसे मोकळेपणी सांगतो. घेणाराही मिंधा होत नाही, कारण तो मुद्दल फेडणार असतो.

इंग्रजी राज्याने हीच तगाई १८८३ च्या जमीनसुधारणा कर्ज कायद्यात आणि १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्यात बसविली. १८८४ च्या कायद्यात संकटनिवारण, बियाणे व गुरे ही कारणे नमूद आहेत. मात्र हे कर्ज शेतजमीन धारण करणाऱ्यासाठी होते. ज्याला जमीन नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट होती, ती दुष्काळी कामाची. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसे गाव सोडून खडी फोडायला व तलाव खणायला गेली. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी खर्चकपातीच्या धोरणातून मजुरी रोजी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणण्याचा आग्रह धरला. मुंबई इलाख्यातील हजारो मजूर ती मजुरी नाकारून कामावरून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. अन्नाला महाग झालेली माणसे आपल्या श्रमाचा भाव ठरविण्याचा हक्क सांगतात, हा प्रसंग आमच्या मते आपल्या सामाजिक इतिहासात मिळायला हवे होते त्यापेक्षा फारच कमी स्थान मिळवून बसला आहे.

जे म्हातारे, आजारी, अपंग काम करू शकत नव्हते, त्यांना दुष्काळ संहितांनी एक वेगळे खाते उघडून दिले. त्याचे इंग्रजी नाव 'ग्रॅच्युइटस रिलीफ' : काम न करता मिळणारी मदत. 'ग्रॅच्युइटस' आणि 'ग्रेशिया' हे दोन्ही एकाच लॅटिन धातुकुळातले. संहिता जुन्या झाल्या, साम्राज्य गेले, पण स्वतंत्र भारताच्या आपत्ती निधीच्या निकषपत्रात हे शीर्षक जसेच्या तसे राहिले. २०१५ च्या निकषांत त्याखाली प्रौढ माणसास रोज ६० रुपये व मुलास ४५ रुपये असा दर होता.

दुष्काळाच्या बाबतीत महाराष्ट्राने मात्र एक मोठी मजल मारली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या (१९५५) शेवटी दुष्काळाने अख्खी वाडी पांगते. तिला धरून ठेवील असे काहीच नसते. पुढे दहाच वर्षांनी, १९६५ मध्ये, सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात वि. स. पागे यांच्या प्रेरणेने मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात त्याची व्याप्ती वाढली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम हा हक्क ठरला; न मिळाल्यास बेकारी भत्ता मागता येऊ लागला. पुरात वा भूकंपात उठलेल्या कुटुंबाला अशी भाषा मिळाली नाही. अवर्षण पावलापावलाने येते, कामे काढायला अवधी देते; पूर एका रात्रीत येतो. कारण समजते. पण त्याच सांगली जिल्ह्यात कोरड्या रानातला माणूस हक्काने मागतो आणि नदीकाठचा अनुग्रहाची वाट पाहतो, हे त्या कारणाने समर्थनीय होत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पैसा मोठा आला, जागतिक बँकेचे कर्ज आले, बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. या गावांत घराचा आकार ठरला तो जमीनधारणेवरून : भूमिहीन व अल्पभूधारकास २५० चौरस फूट, मधल्यास ४००, मोठ्या खातेदारास ७५०. घर पडते तेव्हा ते सातबारा पाहून पडत नाही. उभे राहताना मात्र तो पाहावा लागला. १८८४ चा कर्ज कायदा असा वेष बदलून परत आला, असे आम्हांस वाटते. जी गावे हलवायची नव्हती, तेथे डागडुजी व बळकटीकरणासाठी पैसे घरमालकाकडेच दिले गेले आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचे होते. तेथे 'संवाद सहायक' म्हणून गावोगावच्या स्त्रिया उभ्या राहिल्या. हप्ता कधी येणार, गज कुठे घालायचा, हे त्या घरोघर सांगत. या बायकांनी अनुदानाला अनुग्रह मानले नाही, त्याचा हिशेब विचारला. या साऱ्या कथेतले हे आमचे आवडते प्रकरण.

आता पुन्हा २०१९. निकषपत्रात कपड्यांसाठी १,८०० आणि भांड्याकुंड्यांसाठी २,००० रुपयांची तरतूद होती, आणि घर वाहून गेले नसेल तर ते दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असले पाहिजे अशी अट होती. मोफत धान्याच्या शासन निर्णयात हीच दोन दिवसांची अट आली आणि ऐन महापुरात तिच्यावर संतापाची लाट उसळली. छपरावर बसलेल्या माणसाने घड्याळ लावून बसायचे काय, असा प्रश्न कोणीही विचारील. पुढचे सारे पंचनाम्यावर. पंचनाम्यात घर येते, घरमालक येतो. एका शिधापत्रिकेवर दोन चुली असतील तर दुसरी चूल येईलच असे नाही. भाडेकऱ्याचे सामान भिजलेले असते, पण भिंत त्याची नसते. 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या व्याकरणात सोपी. तलाठ्याच्या वहीत ती फार अवघड होऊन बसते.

कायद्याने दरम्यान एक पाऊल टाकले होते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने किमान मदतीचे निकष ठरवावेत असे आहे; त्यांत जीवितहानीसाठी सानुग्रह साहाय्य आणि घरांच्या नुकसानीसाठी व उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ३० जून २०२१ रोजी कोविड मृतांच्या वारसांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हे कलम ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे; रक्कम किती, ते मात्र प्राधिकरणाने ठरवावे. पुढे ती ५०,००० रुपये ठरली. म्हणजे अनुग्रह आता करावाच लागतो! अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी याला विरोधाभास म्हणावे. आम्ही त्याला एका शब्दाचा पराभव म्हणतो, आणि तो आम्हांस आनंदाचा वाटतो.

त्याच महिन्याभराने चिपळूण-महाड बुडाले, तळिये गाव दरडीखाली गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ११,५०० कोटींच्या पॅकेजमध्ये कुटुंबास १०,००० रुपये, दुकानदारास ५०,००० पर्यंत, टपरीधारकास १०,००० पर्यंत अशी यादी होती. टपरीवाला शासकीय यादीत स्वतंत्रपणे आला, याचे श्रेय द्यायला हवे. शीर्षक अर्थात तेच, सानुग्रह.

२०२२ मध्ये केंद्राने निकष सुधारले. कपड्यांचे १,८०० आणि भांड्यांचे २,००० हे दोन्ही आकडे २,५०० झाले. आणि 'ग्रॅच्युइटस रिलीफ'च्या शीर्षकाखाली, जिथे ६० आणि ४५ रुपये होते, तिथे आपद्ग्रस्त कुटुंबातील दोन प्रौढांपर्यंत त्या राज्यातील रोजगार हमीच्या मजुरीचा दर लागू करण्यात आला.