बरणीतला साप कुणाचा?

उमरीच्या शिवारात, एखाद्या आखाड्यावर कडब्याची गंजी हलवताना साप निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: जनावर इखारी हाय का? दुसरा प्रश्न अलीकडचा, आणि तो बहुधा मोबाईलवर परदेशातली पाळीव अजगरं पाहिलेल्या पोराचा असतो: ‘ह्याला पाळलं तर चालतंय का? आन् इकलं तर?’ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यात पाळणे आणि विकणे या दोन्हींची उत्तरे आहेत, पण ती एका जागी नाहीत. म्हणून कलमे एकेक करून वाचू. खाली दिलेली वाक्ये कायद्याचे मूळ शब्द नाहीत. २०२२ ची दुरुस्ती (लागू १ एप्रिल २०२३) धरून त्यांचा आशय मी मराठीत उतरवला आहे.

‘स्थानिक कायदा काय सांगतो?’

हे कलम नव्हे, पूर्वपक्ष आहे. पोराला वाटते, नगरपरिषदेत विचारले की झाले. कुत्र्याचा परवाना, दुकानाचा परवाना, तसा सापाचाही असेल. पण १९७६ च्या घटनादुरुस्तीने वन्यप्राण्यांचे रक्षण हा विषय समवर्ती सूचीत गेला. प्राण्यांची यादी दिल्लीत ठरते, परवानगी देणारे मुख्य वन्यजीव रक्षक नागपुरात बसतात, आणि उमरीकराच्या वाट्याला येतो तो नांदेडचा वन विभाग. साप गावचा असला तरी त्याचा कायदा गावचा नाही.

कलम २ (३६): पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीत नाव असलेला आणि निसर्गात रानटी अवस्थेत आढळणारा प्राणी म्हणजे वन्यप्राणी.

सगळी मेख ‘अनुसूची’ या शब्दात आहे. जनावर किती रानटी आहे, चावते का, घरात निघाले की रानात, याला इथे महत्त्व नाही. नाव यादीत आहे का, एवढेच पाहायचे. दुरुस्तीआधी अनुसूची सहा होत्या, आता चार आहेत: दोन प्राण्यांच्या, एक वनस्पतींची आणि चौथी आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाची. नाग, घोणस, धामण, अजगर ही आपल्याकडची नावे पहिल्या अनुसूचीत आहेत. धामण पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. उंदीर खाणारी, बिनविषारी, बांधाबांधाने फिरणारी धामण कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीला बसते.

कलम २ (१६) व ९: मारणे, पकडणे, सापळा लावणे, हुसकावणे आणि यातले काहीही करू पाहणे म्हणजे शिकार, तिला मनाई आहे.

शिकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते. कायद्याच्या डोळ्यांसमोर बरणीसुद्धा येते. नागाला चिमट्याने उचलून प्लास्टिकच्या बरणीत घालणे ही व्याख्येने शिकारच आहे, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांची नासधूसही तिच्यातच मोडते. म्हणून सर्पमित्राचे काम वन खात्याच्या संमतीने आणि खात्याला कळवूनच चालावे लागते. साप सोडण्याआधी दोन दिवस पोत्यात ठेवून शाळेशाळेत दाखवत हिंडणारा ‘मित्र’ या ओळीच्या पलीकडे गेलेला असतो. गारुड्याच्या टोपलीचे आणि पुंगीचेही तेच.

कलम ३९ (१): कैदेत ठेवलेला, कैदेत जन्मलेला, कायदा मोडून धरलेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी राज्य सरकारची मालमत्ता.

साऱ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो. लोक सरसकट म्हणतात, ‘रानातले सगळे जनावर सरकारचे.’ कलम नीट वाचले तर ते तसे म्हणत नाही. वारुळातला, बांधावरचा, हळदीच्या वाफ्यातून सरपटत गेलेला मोकळा साप या वाक्यात येतच नाही. मोकळा आहे तोवर तो कुणाचाच नाही. ज्या क्षणी तुम्ही बरणीचे झाकण लावता, त्या क्षणी तो सरकारचा होतो. पकडणाऱ्याची मालकी त्यात कधी उपजतच नाही, एका घटकेपुरतीही नाही. मासा गळाला लागला की तो धरणाऱ्याचा, हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटा चालतो: धरणे हीच सरकारची मालकी सुरू होण्याची रीत.

याच पोटकलमात पुढे वाहनाचा उल्लेख आहे. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहनही सरकारचे. मध्य प्रदेशातल्या मधुकर राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की नुसत्या जप्तीने मालकी जात नाही, गुन्हा शाबित व्हावा लागतो. तोवर मोटारसायकल सोडवायला कोर्टाचे उंबरे झिजवावे लागतात, ते वेगळेच.

कलम ३९ (२) व (३): अशी मालमत्ता हाती आल्यास ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकाऱ्याला कळवावे, परवानगीविना ती ठेवू, देऊ, विकू किंवा नष्ट करू नये.

४८ तास ही पाळण्याची मुदत नव्हे, कळवण्याची आहे. घरात साप निघाला तर वन खात्याची १९२६ ही हेल्पलाईन आहे, ती फिरवावी. ‘देऊ’ हा शब्दही निसटू देऊ नये. मेहुण्याला भेट दिला, पैसे घेतले नाहीत, हा बचाव तिथेच संपतो.

कलम १२: शिक्षण, संशोधन, शास्त्रीय व्यवस्थापन, प्राणिसंग्रहालय आणि औषधासाठी सापाचे विष, एवढ्या कारणांसाठी परवानगी देता येईल.

या यादीत ‘हौस’ नाही. ‘धंदा’ही नाही. विषाची वाट तेवढी उघडी आहे, कारण सर्पदंशावरचे प्रतिविष त्याच विषापासून बनते. तमिळनाडूतल्या इरुळ समाजाची १९७८ सालची सहकारी संस्था परवान्यावर साप धरते, विष काढते आणि साप परत सोडते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी केंद्राची आगाऊ संमतीही लागते. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक पिढ्यानपिढ्या निघे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी ती थांबली. २०२५ साली केंद्राने २१ जणांना नाग धरू दिले, तेही शिक्षण या सदराखाली. इतक्या जुन्या परंपरेलाही याच कलमातल्या एका शब्दाची फट शोधावी लागली, यावरून ही यादी किती घट्ट आहे ते कळते.

विक्री.

यावर वेगळे कलम शोधत बसायची गरज नाही, असे माझे मत. पाच आणि पाच-अ या प्रकरणांत व्यापारबंदीची कलमे आहेत खरी, पण जी वस्तू विकणाऱ्याची नाहीच तिची विक्री ३९ (३) नेच बुडते. मराठवाड्यात हा प्रश्न नागापेक्षा मांडुळाचा आहे. शेपूट बोथट, तोंडासारखे दिसणारे, म्हणून दुतोंड्या. वजन अमुक भरले की लाखांत किंमत, गुप्तधन दाखवतो, अशा थापांवर खरेदीदार आणि विकणारे दोघेही पकडले जातात. बातमीत बहुधा एक चारचाकी, एक वजनकाटा आणि एक गोणपाट असतो. बिचारे जनावर भुसभुशीत मातीत उंदरांमागे फिरणारे, बिनविषारी. धन दाखवत नाही. दाखवते ते फार तर उंदराचे बीळ.

प्रकरण पाच-ब: चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंद करावी.

आता पोराच्या मोबाईलकडे येऊ. आफ्रिकेतला बॉल पायथन पहिल्या दोन अनुसूचींत नाही. म्हणजे कलम २ (३६) च्या अर्थाने तो ‘वन्यप्राणी’ नाही! आपली धामण वन्यप्राणी, आणि अजगराच्या जातकुळीतला हा पाहुणा नाही. पण १९७३ च्या वॉशिंग्टन कराराच्या (साइट्स, भारत १९७६ पासून सदस्य) परिशिष्टात त्याचे नाव आहे, म्हणून तो चौथ्या अनुसूचीत येतो. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंद परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक केले. जुन्या मालकांना सहा महिने दिले होते, नंतर प्राणी मिळाल्यापासून ३० दिवस. आयात कुठून, कागद काय, पिले किती झाली, मेला तर केव्हा, सगळे लिहावे लागते. बँकॉकहून मुंबईच्या विमानतळावर बॅगेत दडवून आणलेल्या सापांना असा कागद नसतो, आणि अशा सापाचे पिल्लू विकत घेणाऱ्यालाही तो मिळत नाही.

२०१८ चे पाळीव प्राणी दुकान नियम पाहिले तर गंमत दिसते. पाळीव म्हणून कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर, पक्षी यांची नावे घेतली आहेत. साप नाही. सापाचे खाद्य मात्र आहे.

कलम ५७: प्राणी ताब्यात सापडला तर ताबा बेकायदेशीर मानावा, उलट सिद्ध करणे आरोपीकडे.

वेदान्त्यांचा दोरीवरचा साप दिवा आणला की नाहीसा होतो. इथे साप खराच असतो, आणि दिवा आणण्याची जबाबदारी आरोपीची. ‘माझा नाही, घरात कुणीतरी ठेवला’ हे म्हणून भागत नाही, दाखवावे लागते.

कलम ५१: शिक्षा.

पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर किमान ३ वर्षे, कमाल ७, आणि दंड किमान २५,००० रुपये. बाकीच्यांना ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कलम ११ (२) व (३): स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने वन्यप्राणी मारला तर तो गुन्हा नाही, मात्र मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता.

रात्री अंथरुणात घोणस आली आणि काठी घातली, तर कायदा त्या माणसाला गुन्हेगार म्हणत नाही. ‘सद्भावनेने’ हा शब्द मात्र वारूळ खोदून मारणाऱ्याला वाचवत नाही. पण खरी अडचण नंतरची आहे. आपल्याकडे मारलेला नाग उघडा टाकत नाहीत, त्याला अग्नी देतात. आता हे ३९ (३) शेजारी ठेवून वाचा: परवानगीविना सरकारी मालमत्ता नष्ट करू नये. म्हणजे मारणारा सुटतो, आणि हात जोडून चिता रचणारा सापडतो.