विश्लेषण: आपत्तीग्रस्तांसाठी खेळांचे ‘चॅरिटी बंडल’ म्हणजे काय? हा पैसा कोकणातल्या गावापर्यंत कसा पोहोचू शकतो?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, अलिबाग या तालुक्यांत घरांचे पत्रे आणि कौले उडाली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. दोनच दिवसांनी, ५ जूनला, अमेरिकेत ‘इच डॉट आयओ’ या संकेतस्थळावर डिजिटल खेळांचा एक गठ्ठा विक्रीला आला. वांशिक न्यायासाठी काम करणाऱ्या संस्थांना मदत म्हणून काढलेल्या या गठ्ठ्यातून दीड आठवड्यात ८१ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ६० कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण मदत गोळा करण्याची हीच पद्धत भूकंप, वणवे आणि युद्धग्रस्तांसाठीही वापरली गेली आहे. ती चालते कशी आणि कोकणासारख्या ठिकाणी तिची मर्यादा कोठे येते?

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ कसे असतात?

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात आणि आपले पात्र काय करील ते ठरवतात. यश-अपयशाचा निकाल बहुधा फाशांवर लागतो. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा प्रकार रूढ झाला. यासाठी महागडी सामग्री लागत नाही. नियमांचे पुस्तक, कागद, पेन्सिल आणि फासे पुरतात. आज ही पुस्तके मोठ्या प्रमाणावर पीडीएफ स्वरूपात विकली जातात आणि अनेकदा एकटा लेखकच ती लिहून प्रकाशित करतो.

बंडल कसे चालते?

मदतनिधीसाठी नाटकाचा प्रयोग लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कलाकार मानधन सोडतात, प्रेक्षक तिकीट काढतात आणि उत्पन्न निधीला जाते. बंडलचे तत्त्व तेच आहे. अनेक लेखक आपापला खेळ विनामूल्य देतात, ते सगळे एकत्र करून एका किमतीला ठरावीक दिवस विकले जातात आणि जमलेली रक्कम आधीच जाहीर केलेल्या संस्थेला दिली जाते.

फरक आहे तो खर्चाचा. नाट्यगृहाच्या खुर्च्या मोजक्या असतात, भाडे आणि प्रवास चुकत नाही. पीडीएफची हजारावी प्रत काढायला मात्र जवळपास काहीच खर्च येत नाही. त्यामुळे शेकडो खेळ पाच-दहा डॉलरना देणे परवडते. घेणारा ते सगळे खेळेल अशी अपेक्षाही नसते. भरपूर मिळाल्याचे समाधान आणि मदत केल्याचे समाधान, दोन्ही त्याला एकाच वेळी मिळतात.

आतापर्यंत किती रक्कम उभी राहिली?

१२ जानेवारी २०१० च्या हैती भूकंपानंतर ‘ड्राइव्हथ्रूआरपीजी’ या संकेतस्थळाने वीस डॉलरचे बंडल काढले. त्यातून ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय संस्थेसाठी पावणेदोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. सुरुवातीला उल्लेख केलेल्या २०२० च्या बंडलमध्ये सतराशेहून अधिक गोष्टी होत्या. त्यांत संगणकीय खेळांबरोबर टेबलटॉप खेळांचाही मोठा वाटा होता. मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी निघालेल्या बंडलने ६० लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. ती रक्कम वैद्यकीय मदत करणारी एक संस्था आणि युद्धग्रस्त मुलांसाठी काम करणारी एक संस्था यांच्यात वाटली गेली.

या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. पैसा घेणारी संस्था आधीपासून उभी होती, तिच्याकडे माणसे होती आणि परदेशातून देणगी घेण्याची व्यवस्था होती.

‘निसर्ग’नंतर रायगडला कशाची गरज होती?

पहिल्या आठवड्यात ताडपत्री, पत्रे, पिण्याचे पाणी, दिवे आणि पडलेली झाडे कापायला करवती हव्या होत्या. अनेक गावांत वीज आणि मोबाइलचे नेटवर्क दीर्घकाळ बंद होते, त्यात टाळेबंदी. या टप्प्यावर बंडलचा फारसा उपयोग नसतो. विक्री आठवडा-दोन आठवडे चालते, नंतर हिशेब होतो, मग रक्कम संस्थेला मिळते. छपरावर ताडपत्री घालायला तोवर थांबता येत नाही.

दुसरी गरज मात्र वर्षानुवर्षांची होती. सुपारी किंवा नारळाचे रोप लावल्यावर उत्पन्न सुरू व्हायला साधारण पाच ते सात वर्षे जातात. राज्य सरकारने रायगडसाठी तातडीने १०० कोटी रुपये जाहीर केले आणि बागायतीची मदत हेक्टरी ५० हजार रुपयांपर्यंत, दोन हेक्टरच्या मर्यादेत वाढवली. पण कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. दहा गुंठ्यांच्या वाडीला या दराने जेमतेम पाच हजार रुपये येतात. त्यामुळे झाडांच्या संख्येवर मदत देण्याची मागणी झाली आणि पुढे नारळाच्या झाडामागे २५० व सुपारीच्या झाडामागे ५० रुपये असा दर ठरला. रोपे, आळी, पाणी आणि मधल्या वर्षांचा घरखर्च यांचा विचार करता उरणारी दरी मोठी आहे. बंडलसारखा उशिरा येणारा पण एकरकमी निधी उपयोगी पडतो तो या कामासाठी.

परदेशात जमलेला पैसा गावात येतो कसा?

येथे कायदा मध्ये येतो. परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० नुसार परदेशी देणगी घ्यायची असेल तर संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते आणि ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे मुंबईतल्या नोंदणीकृत संस्थेने पैसा घेऊन तो श्रीवर्धनमधल्या छोट्या मंडळाला देणे आता शक्य नाही. काम तिने स्वतःच करायला हवे.

भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम परदेशी अंशदान धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची देणगी मात्र त्यात मोडते. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीला परदेशी देणगी घेण्याची मान्यता मिळाली. ‘निसर्ग’च्या वेळी तो मार्ग खुला नव्हता.

इथल्या लेखकांनी इथल्याच ग्राहकांना रुपयांत खेळ विकून जमलेली रक्कम इथल्या संस्थेला दिली, तर या कायद्याचा प्रश्न येत नाही. किनाऱ्यावरच्या छोट्या मंडळासाठी हाच सर्वांत सरळ रस्ता आहे.

बंडल घेताना काय पाहावे?

पैसा कोणत्या संस्थेला जाणार, तिचे नाव स्पष्ट दिलेले असावे. ‘आपत्तीग्रस्तांसाठी’ एवढे पुरेसे नाही. संपूर्ण रक्कम जाणार की ठरावीक टक्के, हेही पाहावे, कारण काही बंडलमध्ये दहा टक्केच देणगी असते आणि बाकी विक्री नेहमीसारखीच असते. लेखकांनी खेळ देण्यास संमती दिली आहे का आणि विक्री संपल्यावर हिशेब जाहीर होणार का, तेही तपासावे. परदेशी संकेतस्थळावरची खरेदी ‘८०जी’ खाली करसवलतीला पात्र ठरत नाही. सवलत हवी असेल किंवा ताडपत्री आजच पोहोचायला हवी असेल, तर प्रत्यक्ष गावात काम करणाऱ्या संस्थेला थेट देणगी देणे अधिक चांगले.