रुपयाची खूण : मोडी दप्तरापासून नव्या चिन्हापर्यंत

केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी मंजूर केलेले ₹ हे चिन्ह मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी रेखाटले असून त्यात देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा गाळलेले रोमन ‘आर’ ही दोन अक्षरे एकजीव झाली आहेत. हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु त्यामुळे रुपयाला तोवर स्वतःची खूणच नव्हती असा जो समज रूढ झाला आहे, तो मराठी मुलखाच्या जमाखर्चाकडे पाहिल्यास टिकत नाही.

आज ज्या भागाला पवनानगरचा परिसर म्हणतात, तो तिकोना, तुंग, लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांमधला पवन मावळ हा भाताचा मुलूख. अशा मुलखात मराठा अमदानीत सारा काही नक्त, म्हणजे रोख नाण्यांत, तर काही ऐनजिनसी, म्हणजे प्रत्यक्ष धान्यात वसूल होई आणि दोन्हींचा हिशेब गावचा कुलकर्णी मोडी लिपीत लिहून ठेवी. या हिशेबाची लेखनरीत मोठी नेटकी होती. सोळा आण्यांच्या रुपयाचे चार पाव धरून प्रत्येक पावासाठी आकड्यापुढे एक उभी रेघ आणि उरलेल्या एकेका आण्यासाठी एकेक आडवी रेघ ओढली जाई. म्हणजे पाच रुपये अकरा आणे लिहायचे तर ‘५’ या आकड्यापुढे आठ आण्यांच्या दोन उभ्या आणि तीन आण्यांच्या तीन आडव्या रेघा येत. रकमेत पाव नसेल, तर त्याची जागा राखण्यासाठी वेगळी लहान खूण घालत, जेणेकरून आण्यांच्या रेघा वाचताना घोटाळा होऊ नये. शाळेत पावकी, निमकी आणि पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेत, ते याच व्यवहारासाठी.

मात्र या रेघा केवळ पैशाच्या नव्हत्या. पाव आणि सोळावा हिस्सा दाखवणाऱ्या त्याच रेघा वजनामापांनाही चालत असल्यामुळे रक्कम कोणती आणि माप कोणते हे ओळखता यावे म्हणून रुपयाची एक खूण आणि परिमाणाची दुसरी खूण अशा दोन खुणा उत्तर व पश्चिम भारतातील हिशेबलेखनात रूढ झाल्या. चलनचिन्हाचा उगम पाहताना हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण ही खूण दरबारी हुकमाने किंवा मुलखाच्या अभिमानापोटी आलेली नसून दप्तर लिहिणाऱ्याच्या रोजच्या निकडीतून आली आहे.

तरीही पेशवाईत नुसत्या खुणेवर भागत नसे, याचे कारण रुपयाच एक नव्हता. पुण्याचा अंकुशी, नाशिककडचा चांदवडी, गुजरातेतून येणारा सुरती असे अनेक रुपये बाजारात चालत आणि त्यांच्या चांदीच्या कसाप्रमाणे बट्टा, म्हणजे दर्शनी किमतीतून होणारी वजावट, ठरत असल्यामुळे रकमेबरोबर सिक्क्याचे नावही नोंदवावे लागे. नाणे पारखून घेण्यासाठी पोतदार असे तो याचसाठी. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या सर्व मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया पाडला, तेव्हा कुठे सिक्क्याचे नाव न लिहिता रक्कम सांगणे हळूहळू शक्य झाले. पुढे इंग्रजी कचेऱ्यांतून रोमन संक्षेप आला, मराठीत ‘रु.’ रुळला आणि रकमेमागे तिरपी रेघ व आडवी रेघ ओढण्याची चालही पडली. त्यातली तिरपी रेघ मुळात इंग्रजांच्या शिलिंगची, आणि तिच्यापुढची आडवी रेघ ‘वर आणे काही नाहीत’ हे सांगणारी. आणे गेले, तरी धनादेशावर ती अजून ओढली जाते.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती लागू होऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि सोळाच्या हिशेबावर उभ्या असलेल्या त्या रेघांचा आधारच गेला. मोडीही याच सुमारास शाळांतून उठली. त्यामुळे पुण्याच्या पुरालेखागारात रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधून ठेवलेले पेशवेकालीन हिशेब वाचण्यासाठी आज मोडीबरोबर या रेघाही नव्याने शिकाव्या लागतात. संगणकावरील लिपीचिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड प्रणालीत पाव-आण्याच्या या रेघा आणि रुपयाची जुनी खूण ऑक्टोबर २००९ मध्ये दाखल झाली, तर नवे चिन्ह तिच्यानंतर एका वर्षाने, ऑक्टोबर २०१० मध्ये.